थोरलीची खुर्ची

स्त्रीच्या सोसण्याचा गौरव करणे सोपे असते, आणि सोपे असल्यामुळेच तो बहुधा वाईट होतो. चार उपास, दोन बाळंतपणे, एक दगावलेले मूल आणि शेवटी देवापुढे मिणमिणणारा दिवा एवढे जमवले, की वाचकाचा रुमाल बाहेर आलाच म्हणून समजावे. मी कादंबऱ्या लिहिते, तेव्हा ही पाककृती मला चकलीच्या भाजणीइतकी ठाऊक आहे. म्हणूनच, यातला एकही जिन्नस न वापरता हाच पदार्थ कुणी सिद्ध करून दाखवला, तर तो कसा केला हे बारकाईने पाहावेसे वाटते. सातासमुद्रापलीकडच्या एका नृत्यपटाबद्दल ऐन दिवाळीत आपल्या घरच्या मंडळींशी बोलायला बसले आहे, त्याचे कारण एवढेच.

नृत्यपटाचे नाव 'अ‍ॅपलाचियन स्प्रिंग'. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरातील डब्ल्यूक्यूईडी या दूरचित्रवाणी केंद्राने तो १९५८ साली तयार केला. निर्माते नेथन क्रोल, दिग्दर्शक पीटर ग्लुशानॉक. जेमतेम अर्ध्या तासाचा, काळा-पांढरा, आणि त्यात कुणीही एक शब्द बोलत नाही. नृत्य मार्था ग्रॅहम हिने रचलेले, आणि त्यात मुख्य काम करणारीही तीच. अलीकडे तो तबकडीवर मिळतो, त्यामुळे आपल्यासारख्या दूरच्या माणसांचीही सोय झाली आहे.

हे नृत्य त्याच्याही आधी चौदा वर्षे रंगभूमीवर आले होते. एलिझाबेथ स्प्रेग कूलिज या धनिक आणि रसिक बाईने ग्रॅहमला नवे नृत्य करण्यासाठी व अ‍ॅरन कोपलंड या संगीतकाराला त्याचे संगीत करण्यासाठी पाचारण केले. कोपलंडचे मानधन ५०० डॉलर. वॉशिंग्टनच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'मधल्या छोट्या सभागृहात ३० ऑक्टोबर १९४४ रोजी पहिला प्रयोग झाला. जागा बेताची, म्हणून वाद्येही तेराच. त्या संगीताला पुढच्याच वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि आज ते जगभर वाजवले जाते. नृत्य न पाहिलेल्या लक्षावधी लोकांनी ते ऐकले आहे. गंमत अशी, की कोपलंडने ते लिहिले तेव्हा त्याच्या कागदावर नाव होते 'मार्थासाठी नृत्यसंगीत', एवढेच. 'अ‍ॅपलाचियन स्प्रिंग' हे शब्द ग्रॅहमने हार्ट क्रेन या कवीकडून उचलले, तेही प्रयोग तोंडावर आला तेव्हा. पुढे जन्मभर लोक कोपलंडला सांगत राहिले, की त्या डोंगरांतला वसंत ऋतू तुम्ही किती हुबेहूब पकडलात! मूळ कवितेत 'स्प्रिंग' म्हणजे वसंत नव्हेच; तो पाण्याचा झरा आहे. आपल्या मराठीत झरा वेगळा आणि वसंत वेगळा, त्यामुळे भाषांतरकाराला इथे एकाची निवड करावी लागेल. मला विचाराल तर मी झरा ठेवीन. का, ते पुढे येईलच.

गोष्ट म्हणावी तर इतकीशीच. एकोणिसाव्या शतकाचा आरंभ; पेन्सिल्व्हेनियाच्या डोंगराळ मुलखात एका नव्या जोडप्याने नवे घर बांधले आहे. आज त्यांचे लग्न. लग्नाला एक उपदेशक आला आहे, त्याच्या मागे चार भक्तिणी आहेत, आणि एक थोरली बाई आहे. नामावलीत हिला 'पायोनिअर वुमन' म्हटले आहे, म्हणजे या रानात पहिल्यांदा आलेल्यांपैकी, वाट पाडणाऱ्यांपैकी एक. ती नवरीची आई आहे, सासू आहे की शेजारीण, हे कुणी सांगत नाही. मी तिला 'थोरली' म्हणेन. आपल्याकडे अशा बाईला नाते विचारायची पद्धत नाहीच. ही माणसे एकेक करून येतात, नाचतात, आणि शेवटी नवराबायकोला त्यांच्या घरात ठेवून निघून जातात.

घर म्हणजे तरी काय? इसामू नोगुची या शिल्पकाराने ते उभे केले आहे. चार वासे, छपराची नुसती रेघ, फळ्यांच्या भिंतीचा एक तुकडा, बसायला एक बाक, कुंपणाचे दोन आडवे दांडे आणि उपदेशकाला उभे राहण्यासाठी झाडाचा बुंधा. भिंती नाहीत. घर अजून व्हायचे आहे. ते या माणसांच्या हालचालींनी भरायचे आहे. आणि या सगळ्यात एक झुलती खुर्ची. इतकी अरुंद, इतकी धारदार, की तीत बसणाऱ्याला पाठ टेकून आळसावता येणार नाही. ग्रॅहमच्या 'फ्राँटिअर' या १९३५ सालच्या एकटीने करावयाच्या नृत्यालाही नोगुचीनेच सजावट केली होती: कुंपणाचा एक तुकडा आणि त्यामागून दोन्हीकडे वर जाणारे दोन दोर, बस्स. ग्रॅहम चौदा वर्षांची असताना तिचे कुटुंब पेन्सिल्व्हेनियातून आगगाडीने थेट कॅलिफोर्नियाला राहायला गेले होते. क्षितिजापर्यंत धावणारे ते रूळ तिच्या डोळ्यांतून गेले नाहीत. तेव्हा हा विषय तिने पुस्तकातून उचललेला नव्हता.

आता त्या खुर्चीकडे वळते, कारण माझ्या मते या नृत्यपटाचे सारे मर्म तिच्यात आहे.

अमेरिकेत शेकर नावाचा एक ख्रिस्ती पंथ रुजला. साधे, रेखीव, एकही फाजील नक्षी नसलेले लाकडी सामान करण्याबद्दल त्याची ख्याती आहे, आणि नोगुचीची खुर्ची त्याच सामानाच्या वळणाची आहे. या पंथाची आद्य प्रवर्तक अ‍ॅन ली ही मँचेस्टरच्या कामकरी वस्तीतली बाई. तिची चारही मुले लहानपणीच गेली. १७७४ साली ती मोजक्या अनुयायांना घेऊन जहाजाने अमेरिकेत आली, आणि दहा वर्षांनी तिथेच वारली. तिच्या पंथात स्त्रीपुरुषांना सारखा अधिकार होता. लग्नाला मात्र मज्जाव होता. आणि उपासनेत नाच होता! देवाची प्रार्थना सर्व मिळून नाचत करायची. शेजारच्या लोकांना हा प्रकार भारीच चमत्कारिक वाटे. कोपलंडने या नृत्याच्या ऐन भरात जी धून घेतली आहे ती शेकरांचीच. जोझेफ ब्रॅकेट या त्यांच्यातल्या एका वडीलधाऱ्याने ती १८४८ च्या सुमारास रचली. साधेपणाचे गुण गाणारी, पाय आपोआप हलतील अशी ती चाल आहे. लग्नच न करणाऱ्या लोकांची धून लग्नाच्या नृत्यात यावी, यावर पंडितांनी हसावे. मला ते चुकलेले वाटत नाही. चार मुले पुरून समुद्र ओलांडणाऱ्या एका बाईच्या श्रद्धेतून ती चाल आणि ते लाकूडकाम पुढे आले. पडद्यावर यातले एक अक्षर सांगितलेले नाही; पण थोरली बसते ती त्या खुर्चीत, आणि नवरी नाचते ती त्या चालीवर.

या नृत्यात श्रद्धेच्या दोन तऱ्हा समोरासमोर ठेवल्या आहेत, आणि ग्रॅहमचा कौल कुठे आहे ते ती शब्दाविना सांगते. एक तऱ्हा उपदेशकाची. चित्रपटात हे काम बर्ट्रम रॉसने केले आहे. चपटी, रुंद काठाची टोपी, ताठ मान, आणि भोवती त्या चार भक्तिणी; ओंजळी जुळवून, लगबगीने, कोंबड्यांच्या थव्यासारख्या त्याच्यामागे धावणाऱ्या. त्यांना पाहून हसू येते आणि ते यावे अशीच योजना आहे. कीर्तनकाराच्या मागे पुढच्या रांगेसाठी धावणाऱ्या बायका आपण पाहिल्या नाहीत असे थोडेच आहे? पण मग हाच उपदेशक एकटा नाचू लागतो आणि हसू थिजते. तो पापाची भीती घालतो आहे. अंग फेकतो, गुडघ्यांवर येतो, त्या नुकत्या लग्न झालेल्या दोघांवर बोट रोखतो. जणू त्यांच्या सुखाखालीच नरक पेटलेला आहे. १९४४ च्या पहिल्या प्रयोगात हे काम मर्स कनिंगहॅम या तरुण नर्तकाने केले होते. पुढे तो स्वतः मोठा नृत्यकार झाला. हा एकट्याचा नाच ग्रॅहमने त्याचा त्यालाच रचू दिला होता. त्यामुळे त्याची जातच वेगळी आहे. बाकीच्या शांत घरगुती नृत्यात तो वीज पडल्यासारखा पडतो.

दुसरी तऱ्हा थोरलीची. उपदेशक एवढा थयथयाट करीत असताना ही काय करते? बहुतेक वेळ बसून असते. पाठ ताठ, हात स्थिर, नजर या घराच्या पलीकडे कुठे तरी. उठते तेव्हा तिच्या हालचाली लांब आणि संथ असतात. पाऊल टाकताना जमिनीची परवानगी घ्यावी लागत नाही, कारण ती जमीन तिच्या ओळखीची आहे. तिचा धीर अंगातून वाहतो, उतू जात नाही. झरा म्हणायचा तो हाच. मॅट टर्नी या नर्तकीने हे काम केले आहे आणि मला विचाराल तर सबंध चित्रपटात तिच्याइतके मोठे काम दुसऱ्या कुणाचे नाही, खुद्द ग्रॅहमचेसुद्धा नाही. काहीही न करता पडदा भरून टाकणे ही विद्या फार थोड्यांना येते.

या नृत्यात एक जागा अशी आहे, की ती मी वारंवार पाहिली आहे. थोरली नवरीला एक तान्हे मूल देते. मूल नाहीच, नुसते हात आहेत. पण हातांची ती खोळ अशी जमते, की वजन दिसते. नवरी ते घेते, जोजवते, आणि तिच्या चेहऱ्यावरून एका क्षणात हर्ष, धास्ती आणि पुन्हा हर्ष असे झरझर जाते. त्या रानात वैद्य किती कोस दूर होता, किती मुले वर्ष काढत नसत, हे ग्रॅहम सांगत बसत नाही. मूल देणाऱ्या हातांत ते सगळे आहे. थोरलीने अशी किती मुले घेतली असतील आणि किती मातीला दिली असतील, हा हिशेब प्रेक्षकाने आपल्या मनाशी करायचा. मेलेले मूल दाखवून रडवण्यापेक्षा न जन्मलेले मूल दाखवून थरकवणे अवघड आहे, आणि ते इथे साधले आहे.

मी हा चित्रपट आमच्या शाळेतल्या नववीच्या मुलींना संगणकाच्या खोलीत दाखवला. संपल्यावर एक शेतकऱ्याची मुलगी म्हणाली, "बाई, पण ही काम कधी करते?" प्रश्न अगदी रास्त होता. जंगल तोडून वसलेल्या घरातली बाई साबण घरी शिजवी, मेणबत्त्या घरी ओती, जवसाच्या सालीचा धागा काढून कापड विणी, डुकराचे मांस खारवून हिवाळ्याची बेगमी करी. यातले काहीच इथे दिसत नाही. कोपलंडने आपल्या टिपणात शेकर धुनेच्या भागाला नवराबायकोच्या रोजच्या कामकाजाची दृश्ये म्हटले आहे खरे. पण पडद्यावर कुदळ नाही, घागर नाही, चूल नाही. मी त्या मुलीला म्हटले, नवरीचे पाय पुन्हा बघ. तिने पुन्हा बघितले. नवरीचा नाच छोट्या छोट्या, तुटक, घाईच्या पावलांचा आहे. ती धावते, थबकते, वळते, पुन्हा धावते, जणू दहा कामे एकदम आठवली आहेत. ग्रॅहमच्या पद्धतीत सगळी हालचाल पोटातून निघते. श्वास सोडताना अंग आत आवळायचे आणि श्वास घेताना मोकळे करायचे. त्या आवळण्यात कष्ट आहेत. मुलीचे पुरते समाधान झाले असे नाही. "तरी एक तरी घागर पाहिजे होती," असे ती म्हणालीच, आणि तिचे म्हणणे मी इथे नोंदवून ठेवते.

कामापेक्षा मला मालकीची गोष्ट अधिक बोचते. लग्न झालेल्या बाईची मालमत्ता तिच्या स्वतःच्या नावे राहावी, असा कायदा पेन्सिल्व्हेनियात १८४८ साली झाला. म्हणजे या नृत्यातल्या नवरीच्या काळात तिचे म्हणून जे काही असेल ते लग्नाबरोबर नवऱ्याचे होई. आता चित्रपट पाहा. नवरा येतो तो भिंतीच्या फळ्यांवरून हात फिरवतो. कुंपणापाशी उभा राहून दूरवर नजर टाकतो. त्याच्या ऐटबाज उड्यांत मालकाचा आनंद आहे, आणि स्टुअर्ट होड्सने तो फार छान दाखवला आहे. (हा गृहस्थ नर्तक होण्याआधी दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकी विमान चालवीत होता, आकाशाकडे पाहायची सवय त्याला असणारच.) शेत त्याचे, घर त्याचे. बाईकडे काय? ती खुर्ची. थोरलीकडून नवरीकडे जाण्यासारखी या घरात ती एकच वस्तू आहे.

इथे कॅमेऱ्याबद्दल बोलले पाहिजे. ग्रॅहमला चित्रीकरणाचा ओढा नव्हता. याच मंडळींनी आदल्या वर्षी तिच्यावर 'अ डान्सर्स वर्ल्ड' हा माहितीपट केला, तेव्हा त्यात ती नाचली नाही. रंगपटात आरशापुढे बसून बोलली, आणि नाचले तिचे विद्यार्थी. 'अ‍ॅपलाचियन स्प्रिंग'मध्ये मात्र ती नवरी झाली. तिचा जन्म १८९४ चा. म्हणजे नवरीचे वय चौसष्ट! नवरा तिच्याहून तीस वर्षांनी लहान. नाट्यगृहात अंतर असते, दिवे असतात, रंग असतो; कॅमेरा जवळ येतो आणि सगळे वय सांगून टाकतो. हे हास्यास्पद व्हायला हवे होते असे म्हणणारे लोक असतील, आणि काही ठिकाणी गुडघे मनाचे ऐकत नाहीत हे दिसतेही. तरीही मला या चेहऱ्याऐवजी विशीचा चेहरा नको. विशीतली मुलगी पुढे पाहते तेव्हा तिला काही दिसत नसते, फक्त वाटत असते. हा चेहरा पुढे पाहतो तेव्हा त्याला ठाऊक असते. पन्नाशीत, १९४४ साली, हे काम ग्रॅहमने प्रथम केले तेव्हा नवऱ्याच्या भूमिकेत एरिक हॉकिन्स होता. पुढे त्याच्याशी तिने लग्न केले, आणि चित्रपट निघण्याआधीच तो संसार मोडलाही होता. हे मी चहाटळपणाने सांगत नाही. लग्नाचा आनंद आणि लग्नानंतरचे ठाऊकपण एकाच चेहऱ्यावर कसे आले, त्याला काही खुलासा लागतो. १९७६ साली अमेरिकी दूरचित्रवाणीने हेच नृत्य तरुण संचात पुन्हा चित्रित केले. ते अधिक नेटके आहे. पण त्या नवरीला काही ठाऊक नाही.

आता दोषाची बाजू, आणि तो दोष लहान नाही. ही माणसे ज्या डोंगरात नवे घर बांधतात, ते डोंगर मोकळे नव्हते. तिथे आधी दुसरे लोक राहत होते आणि त्यांना हुसकावून ही कुंपणे उभी राहिली. वाट पाडणाऱ्या स्त्रियांचा धीर खरा. पण ज्यांच्या अंगणातून ती वाट गेली, त्या स्त्रियांच्या धीराचे काय? हा प्रश्न ग्रॅहमला पडला नव्हता असेही नाही. कोपलंडला पाठवलेल्या आरंभीच्या खर्ड्यात तिने एक मूलनिवासी मुलगी योजली होती, आणि एक फरारी, गुलामीतून पळालेला माणूसही होता. पुढे खर्डे बदलत गेले आणि ही दोन्ही पात्रे गळली. नृत्य सुटसुटीत झाले, सुरेख झाले. पण त्या रिकाम्या जागा बुजल्या नाहीत.

मात्र इतिहासाने त्या जागांत आपल्या परीने काही माणसे आणून बसवली आहेत. चित्रपटातल्या त्या चार भक्तिणींत युरिको नावाची एक नर्तकी आहे. १९४४ च्या पहिल्या प्रयोगातही ती होती. ती जन्माने अमेरिकी, रक्ताने जपानी. युद्धाच्या काळात अमेरिकेने आपल्याच सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या रहिवाशांना छावण्यांत कोंडले, त्यांत तीही होती. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातल्या गिला रिव्हर छावणीत. तिथून सुटून ती न्यूयॉर्कला आली आणि या नृत्यात उभी राहिली. ते घर उभारणारा नोगुची हाही जपानी बापाचा मुलगा. तो अशाच दुसऱ्या छावणीत १९४२ साली आपण होऊन राहायला गेला, काही भले करावे म्हणून. आणि बाहेर पडायला त्याला महिने लागले. 'खऱ्या अमेरिकेचे' हे घर अशा हातांनी बांधले आहे! त्याला भिंती का नाहीत, याचे शिल्पशास्त्रीय उत्तर तज्ज्ञ देतील. मी मात्र ते बिनभिंतींचे वासे पाहताना दुसरेच काही तरी पाहत असते.

आणि मॅट टर्नी, आमची थोरली, ही काळ्या वर्णाची स्त्री. १९५८ साल. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत तिला गोऱ्यांच्या उपाहारगृहात बसू दिले नसते, त्या दिवसांत ती पडद्यावर त्या देशाची आद्य गृहिणी म्हणून बसली आहे, आणि कुणी तिच्याबद्दल कसलाही खुलासा करीत नाही. गळलेला तो फरारी जणू दुसऱ्या दाराने आत आला आणि थेट घरातल्या सर्वांत मानाच्या आसनावर बसला. ग्रॅहमने हे ठरवून केले की तिला ही नर्तकी सर्वांत योग्य वाटली म्हणून, याचा निवाडा मी करीत नाही. टर्नीची बसण्याची ढब पाहिली की दुसरे कारण पुरेसे वाटते.

अमेरिकी सरकारने १९५५-५६ साली ग्रॅहमच्या मंडळींना आशियाच्या दौऱ्यावर धाडले, तेव्हा ती भारतातही आली होती आणि हे नृत्य तिने बरोबर आणले होते. सरकारचा हेतू अर्थातच नृत्याच्या पलीकडचा होता. अमेरिका कशी सालस आणि कष्टाळू आहे ते दाखवायचे होते. कलेला अशी सरकारी पालखी मिळाली की मी जरा सावध होते. पण हे नृत्य त्या पालखीत मावत नाही. त्यात जयजयकार नाही, झेंडा नाही, आणि धर्माच्या नावाने ओरडणारा माणूस त्यातला सर्वांत भयप्रद माणूस आहे.

शेवटच्या भागात संगीत प्रार्थनेसारखे निवत जाते. उपदेशक जातो, भक्तिणी जातात, थोरलीही जाते. झुलती खुर्ची आता रिकामी आहे. नवरी तीत जाऊन बसते. नवरा मागे उभा राहून तिच्या खांद्यावर हात ठेवतो. ती पुढे पाहते, एक हात हळूच समोर, दूर, क्षितिजाकडे नेते, जिथे काय आहे ते आपल्याला दिसत नाही. आणि तिची पाठ, सबंध चित्रपटात पहिल्यांदाच, थोरलीसारखी ताठ झालेली असते.